सत्यवान कुबलाची क्लचप्लेट

नाव सत्यवान, आणि रोझारियो मेकॅनिकशी हा माणूस सलग तीन वर्षं खोटं बोलत आला. एरवी तो खोटारडा नव्हे. मासळीच्या भावात त्याने कधी कोणाला फसवलं नाही, की देवळातल्या बैठकीत कधी शब्द फिरवला नाही. पण डॉक्टरपुढे आणि मेकॅनिकपुढे भले भले थापा मारतात. 'गोड खात नाही' म्हणणाऱ्याच्या मिशीला साखर लागलेली असते, तशी सत्यवानाच्या मारुतीला वाळू लागलेली असायची.

गाडी त्याच्या मुलाची, सुदेशची. सुदेश मस्कतला क्रेन चालवतो. दोन हजार चारच्या सुमाराला आई, लक्ष्मी, आजारी पडली तेव्हा तो सुट्टीवर आला होता. त्याने एक जुनी पांढरी मारुती घेतली, बापाला देवबागच्या रस्त्यावर ती चालवायला शिकवली आणि जाताना बजावलं, "आयेक रिक्षान न्हेव नकात, धक्के बसतत." सत्यवान तेव्हा साठीला टेकलेला. सगळा जन्म वल्हं धरलेल्या माणसाने स्टिअरिंग धरलं, आणि बरं धरलं. लक्ष्मी पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसायची आणि प्रत्येक वळणाला "सावकास" म्हणायची. मालवणच्या दवाखान्याच्या फेऱ्या अशा वर्ष-दीड वर्ष चालल्या, आणि मग ती गेली. गाडी परसातल्या मांगरात, छपराखाली उभी राहिली. घरात सत्यवान एकटा राहिला.

पहिली प्लेट गेली ती दोन हजार सातच्या मार्चात. मालवणात भरडाच्या चढावर गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिनाचा आवाज आभाळाला आणि वेग बैलगाडीचा. जळकट वास असा सुटला की मागचा रिक्षावाला नाकाला रुमाल लावून पुढे गेला. सत्यवानाने ती कशीबशी रोझारियोच्या गॅरेजपर्यंत नेली.

रोझारियो फर्नांडिसचं गॅरेज गावाबाहेर फणसाच्या झाडाखाली, चार पत्र्यांचं. माणूस पन्नाशीचा, जाडजूड, गाडीशी प्रेमाने आणि गाडीवाल्याशी तिरसटपणे बोलणारा. त्याने आधी वास घेतला. मग आत बसला, हँडब्रेक ओढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. धड गाडी असती तर इंजिन गचका खाऊन बंद पडलं असतं. हे मजेत चालू राहिलं.

"क्लच गेलो," रोझारियो म्हणाला. "पेडलार पाय ठेवन गाडी चलवतास, तात्यानू?"

"छ्या! माका सुदेशान शिकवल्यान तसोच चलवतंय."

"खंय खंय न्हेतास गाडी?"

"खंय न्हेतलंय? बाजाराक. नायतर देवळात."

रोझारियोने गिअरबॉक्स उतरवला. प्लेटीवरचं लायनिंग रिबिटांपर्यंत झिजलं होतं आणि समोरच्या लोखंडावर निळे-काळे डाग पडले होते. असे डाग लोखंड फार तापलं तरच पडतात. पण म्हाताऱ्या माणसाने उशिरा शिकलेली गाडी, नवशिक्याचा पाय पेडलवर राहतोच, असं मनाशी धरून त्याने नवी प्लेट घातली, दोन शब्द सुनावले आणि गाडी दिली. सत्यवानाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

आता खरं काय ते सांगायला हवं. सत्यवान त्या गाडीने होडी ओढत होता.

त्याची होडी लहान, एकट्याने वल्हवण्याजोगी. पहाटे तो ती समुद्रात न्यायचा, किनाऱ्यापासून फार लांब न जाता जाळं टाकायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचा. होडी पाण्यात घालणं सोपं, उताराला ओंडके टाकून ढकलली की समुद्र स्वतःच ओढून घेतो. पण भिजलेली, जाळ्याने जड झालेली होडी वाळूवर चढवून लाटेच्या पल्ल्याबाहेर न्यायची तर दहाबारा माणसं लागतात. त्यासाठी त्या किनाऱ्यावर फार जुनी रीत आहे. होडीवाला पाण्यात उभा राहून हाक मारतो, "हाऽत लावा रेऽऽ!" ती हाक ऐकली की हातातलं काम टाकून यायचं. भांडण असो, कोर्टात दावा असो, आधी हात लावायचा आणि होडी वर आल्यावर हवं तर पुन्हा तोंड फिरवायचं. होडीवाला मग प्रत्येकाला ओंजळभर मासळी देतो. ती घ्यायची असते. नको म्हणणं हा अपमान.

सत्यवान त्या वाडीत वाढला. दुसऱ्यांच्या किती होड्यांना त्याने हात लावला असेल याला गणती नाही. पण सुदेश लहान वयात, मस्कतच्या आधी, एका ट्रॉलरवर कामाला गेला. तेव्हा ट्रॉलर आणि किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे रापणवाले यांच्यात जुंपलेली होती. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसतात आणि आमची जाळी रिकामी राहतात, असं रापणवाल्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. रापणीचा मुख्य भिकाजी. सत्यवानाचा शाळेपासूनचा सोबती. तो एके दिवशी सगळ्यांसमोर बोलून गेला, "ज्येचो झील ट्रॉलरार, तेची होडी ट्रॉलरानच ओढूची."

रागाच्या भरात बोललेलं वाक्य. दोन दिवसांनी भिकाजी ते विसरलाही असेल. सत्यवान मात्र त्या दिवसापासून हाक मारायचा बंद झाला. घरची माणसं होती तोवर निभावलं. सुदेश होता, पुतणे होते, लक्ष्मीसुद्धा पदर खोचून दोरीला लागायची. मग पुतणे गोव्याला हॉटेलात गेले, सुदेश मस्कतला, आणि लक्ष्मी गेली ती कायमची.

तर गाडी. घरामागून तांबड्या मातीची वाट सुरूच्या झाडांतून वाळूपर्यंत येते. त्या वाटेवर तो गाडी उभी करायचा, मागच्या हुकाला लांबच लांब दोर बांधायचा आणि दुसरं टोक होडीला. मग आत बसून पहिला गिअर, आणि पाय क्लचवर अर्धा धरून ठेवायचा. एकदम सोडला तर दोर तुटणार, नाहीतर होडी आडवी होणार. म्हणून अर्धा. गाडी गुरगुरत बोटभर पुढे सरकायची, होडी बोटभर वर यायची. मध्येच ती तिरकी झाली की हँडब्रेक ओढून खाली उतरायचं, वाळूतून धावत जायचं, ओंडका सरकवायचा, खांद्याने होडी सरळ करायची, धापा टाकत परत गाडीत. रापणीत ओढताना एकजण आरोळी देतो आणि बाकीचे तिला जबाब देतात. सत्यवान गाडीच्या काचा वर करून आरोळी द्यायचा आणि जबाबही आपणच द्यायचा. ते कोणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला वेड लागलं असंच म्हणालं असतं. सुरूच्या झाडांमुळे वाडीतून काही दिसत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. खरं म्हणजे सकाळच्या वेळी वाडीत बघायलाही फारसं कोणी नसे.

दुसरी प्लेट गेली तेव्हा रोझारियो जरा चक्रावला. आधी त्याने दुकानदाराला शिव्या घातल्या, माल डुप्लिकेट दिला म्हणून. मग केबल पाहिली. केबल ताठ असली तर पाय काढला तरी क्लच पुरता चिकटत नाही आणि प्लेट घासत राहते. पण केबल ढिली होती, हवी तेवढी. मग इंजिनाचं ऑइल गळून प्लेटीवर येतं का ते पाहिलं, कारण तेलकट प्लेट घसरतेच. प्लेट कोरडी ठणठणीत. फक्त आतून मूठभर वाळू निघाली.

"ही रेंव खयसून इली?"

"आमच्या वाडयेत रस्त्यारच रेंव आसा," सत्यवान म्हणाला. हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं हे खोट्याहून जास्त पचतं. रोझारियोने पुन्हा प्लेट घातली.

या मधल्या काळात भिकाजी वारला. सत्यवान अंत्ययात्रेला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परतला. आता हाक मारायला हरकत नव्हती. ज्याच्या शब्दामुळे ती बंद झाली तो माणूसच उरला नव्हता. तरी सत्यवान दुसऱ्या दिवशी हुकाला दोर बांधत होता.

तिसरी प्लेट गेली दोन हजार नऊच्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर. रोझारियोने या खेपेला पान्हा हातात घेतलाच नाही. स्टुलावर बसला आणि गाडीकडे बघत राहिला. मग दार उघडून आत डोकावला.

"तात्यानू, हयसर येवा. किलोमीटराचो काटो बघा. मागच्या खेपेक प्लेट घातलंय तेवा मी आकडो बघून ठेवललंय. गाडी चलूकच नाय. आणि प्लेट मातर खल्लास. न चलता प्लेट कशी खाता ती?"

"काटो बिघाडलो आसतलो."

"बरां. काटो बिघाडलो." रोझारियो गाडीच्या मागे गेला आणि गुडघे टेकून वाकला. समुद्रकाठची गाडी, खालून सगळी गंजलेली. खारं वारं लोखंडाला सोडत नाही. पण मागचा ओढायचा हूक तेवढा लखलखीत होता, रोज घासलेल्या तांब्यासारखा. रोझारियोने त्यावरून अंगठा फिरवला. नायलॉनच्या दोराचा निळा धागा त्याच्या नखात आला.

त्याने तो धागा सत्यवानासमोर धरला. सत्यवान फणसाच्या बुंध्याकडे पाहत उभा राहिला.

"आणि होडी मागसून सरळ कोण धरता?" रोझारियोने विचारलं.

"कोण नाय," सत्यवान म्हणाला. तीन वर्षांतलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य.

रोझारियोने दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले. "हे बघा. ह्यो हात इंजिनाचो, ह्यो चाकांचो. चिकटलो काय गाडी चलता, सुटलो काय रवता. मधी धरून ठेवलास काय घासता आणि जळता. तुमी रोज होडी वर येयसर मधी धरतास. गाडी तरी काय करतली? धा-बारा माणसांचा काम ती एक ताटली करता." तो थांबला. "माणसांका बोलवा."

"येवचे नाय कोण."

"हाक मारलास कधी?"

सत्यवान फणसाचं एक पान उचलून चुरगळत राहिला.

"भिकाजी तर गेलो. आता कोणावांगडा रुसून बसलास?"

भिकाजीचं ते वाक्य गॅरेजपर्यंतही पोचलं होतं, म्हणून रोझारियोला तो रुसवा वाटला. वाडीतल्या उरल्यासुरल्यांनाही तसंच वाटत असणार. पण रुसवा कधीच सरला होता. सत्यवानाच्या पोटात होती ती भीती. हाक मारली नाही, म्हणून कोणी येत नाही, हे त्याला सोसत होतं. त्यात एक आशा होती की मारली असती तर आले असते. पण हाक मारली आणि तरीही कोणी आलं नाही, तर? मग आपण जिवंत असून वाडीला नाही, असंच ठरलं. ते ठरू नये म्हणून तो प्लेटांवर प्लेटा जाळत होता. हे त्याने रोझारियोला सांगितलं नाही. सांगता आलं नसतं.

"प्लेट कोल्हापुरासून येतली," रोझारियो म्हणाला. "तवसर गाडी हयच रवांदे."

सत्यवान एसटीने घरी आला. पहिले काही दिवस त्याने होडीला हात लावला नाही. सकाळी पेज करायची, तीच रात्री खायची. अंगण झाडायचं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचं. समोर बांगडा लागलेला, घारी आणि समुद्रपाखरं पाण्यावर तुटून पडलेली ओसरीतून दिसत होते. सुदेशचा फोन आला.

"गाडी खंय आसा?"

"गॅरेजात."

"परत? बाबा, होडी इकून टाका आता. कित्याक जीव मारून घेतास? मी पैसे धाडतंय ते पुरत नाय काय?"

"बघूया," सत्यवान म्हणाला आणि फोन ठेवला. पोराचं चुकत नव्हतं. पण होडी गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे मस्कतच्या मुलाला कसं सांगायचं? समुद्रावर एकटं असणं वेगळं. तिथे एकट्याला काम असतं. घरात एकट्याला नुसतं एकटं असायचं असतं, आणि ते त्याला आता झेपत नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने होडी पाण्यात घातली. गाडी नसताना समुद्रात जाणं म्हणजे येताना हाक मारणं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वल्हं मारताना तो त्याचाच विचार करत होता. जाळ्यात बांगडा भरपूर आला, एरवी त्याने देवाला हात जोडले असते. त्या दिवशी त्याचं लक्ष जाळ्यात नव्हतं.

होडीचं नाक वाळूला लागलं तेव्हा ऊन कोवळं होतं. तो कमरेभर पाण्यात उतरला. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. सुरूच्या पलीकडे वाडीची घरं दिसत होती. अर्ध्यांना कुलूप, बाकीच्यांवर 'निवास-न्याहारी'चे बोर्ड. भिकाजीच्या घरावर तर मजला चढला होता. त्याची सून जान्हवी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना खोल्या देते.

सत्यवानाने तोंड वाडीकडे केलं. होडीची कड धरून त्याने हाक मारली.

"हाऽत लावा रेऽऽ!"

हाक भलतीच बारीक आली. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने वाट पाहिली. एका लाटेने होडी आडवी केली, त्याने ती पाठीने सरळ केली. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा त्याने पोटातून हाक मारली, भिकाजी मारायचा तशी, आणि मारता मारता त्याचे डोळे भरून आले. ज्यांना ही हाक ओळखता आली असती ते सगळे कुठे कुठे गेले होते. कोणी गोव्याला, कोणी मुंबईला, कोणी स्मशानात. कोणी त्याच्यावर रागावलेलं नव्हतं. रागवायला माणूसच नव्हतं. एवढी वर्षं तो ज्या वाडीला घाबरत होता ती वाडी तिथे राहिलीच नव्हती.

तिसरी हाक मारायची ताकद त्याच्यात नव्हती. तरी ती निघून गेली.

भिकाजीच्या घराच्या माडीवर एक दार उघडलं. जान्हवी पोळपाट-लाटणं सोडून आली नाही, पण तिचा आवाज ऐकू आला, "जावा, जावा, होडी ओढतत! फोटो काढूक गावतले!" आणि सुरूतून पाच-सहा पोरं-पोरी धावत आल्या. अर्ध्या चड्ड्या, गळ्यात कॅमेरे, पायात चपला नाहीत. "काका, काय करायचं?" "कुठे धरू?" "अरे हे ओलं आहे!" सत्यवानाने त्यांना दोर दाखवला, ओंडके कसे टाकायचे ते दाखवलं. त्याने आरोळी दिली. जबाबात काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं, ते नुसतेच ओरडले. होडी हलली. हसत, पडत, एकमेकांवर वाळू उडवत त्यांनी ती लाटेच्या पल्ल्याबाहेर नेली. मग होडीला टेकून फोटो काढले. एका फोटोत सत्यवानालाही मध्ये उभं केलं.

त्याने रीतीप्रमाणे ओंजळभर बांगडे उचलले आणि सगळ्यात जवळच्या मुलीपुढे धरले. ती दोन पावलं मागे सरकली. "नको नको काका, आम्ही व्हेज आहोत." बाकीच्यांनीही हसून माना हलवल्या. सत्यवान ओंजळ धरून उभा राहिला. हा अपमान म्हणावा तर कोणाचा कोणी केला, हेच त्याला कळेना. त्याने बांगडे परत टोपलीत टाकले.

"पण मस्त होतं हे!" ती मुलगी हात झटकत म्हणाली. "काका, उद्या किती वाजता असतं?"

सत्यवानाला आधी राग आला. त्याची होडी म्हणजे काय डॉल्फिन बघायची फेरी होती? मग राग जसा आला तसाच विरला. लक्ष्मी रोज पहाटे दारात उभी राहून विचारायची, कधी येशात? ती गेल्यानंतर उद्याची वेळ त्याला आज पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

"सात वाजता," तो कचेरीत बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाला. "या तुम्ही."

"अगं, उद्या पहाटे आपण निघतोय," पुढे गेलेल्यांपैकी एकजण ओरडला.

"अरे हो! सॉरी काका, पुढच्या वेळी नक्की!" तिने हात हलवला आणि ती धावत सुरूत दिसेनाशी झाली. थोडा वेळ त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं. सत्यवानाने जाळं पसरलं, अडकलेली मासळी काढली आणि टोपली डोक्यावर घेऊन तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भिकाजीच्या माडीवर नवीन कोण उतरलंय, कोणी उतरलंय की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. सात वाजता त्याची होडी वाळूला लागली. तो पाण्यात उतरला आणि त्याने हाक मारली.